दशावतारी गंजिफा : नवव्या रंगाचे वाचन

कविता, कथा, आत्मकथन यांच्यामागची मूल्यव्यवस्था आपल्या समीक्षेने तपासली. ती तपासताना कुणाची भीड ठेवली नाही. परंतु ही मूल्यव्यवस्था ज्या चित्रांतून निरक्षर माणसाच्या घरात शिरली, ती पंचांगावरची चित्रे, दुकानातील तसबिरी, जत्रेतली खेळणी, खेळायची पाने यांच्याकडे आपण साहित्याबाहेरची वस्तू म्हणून पाहिले. ग्रंथ आपल्या माणसाला वाचू दिला नव्हता. चित्र मात्र त्याच्यापुढे मुद्दाम धरले होते. म्हणून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांबद्दल एका वाङ्मयीन नियतकालिकात लिहिताना मला संकोच वाटत नाही. एका मित्राने तिकडून आणलेला संच माझ्यासमोर आहे. तो सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. सुंदर वस्तूची चिकित्सा करणे अधिक कठीण असते आणि अधिक गरजेचेही.

हा संच एकशेवीस पानांचा. पाने गोल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर पांढरा हात द्यायचा, रंगवायचे आणि वरून लाखेचा लेप द्यायचा, अशी ही कृती. खेळायला तिघे बसतात, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. हुकूम नावाचा प्रकार या खेळात नाही. जुने लोक ‘दरबारी कलम’ आणि ‘बाजार कलम’ असा भेद करीत. दरबाराची पाने हस्तिदंतावर आणि कासवाच्या पाठीवर, बाजाराची कागदावर आणि कापडावर. म्हणजे पत्त्यांतही दोन वस्त्या होत्या.

भारतातला गंजिफांचा पहिला भक्कम उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्या होत्या. मुघलांच्या आठ रंगी गंजिफेत ताज, समशेर, नाणी, दस्तऐवज यांच्या ओळीत ‘गुलाम’ नावाचा एक रंगच होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या बारा रंगांची यादी दिली आहे. अश्वपती, गजपती, नरपती अशी ती नावे. त्यात एक रंग स्त्रियांच्या राज्याचा आहे. दशावतारी संचात राणीचे पान नाही. राजदरबाराचा हा खेळ वैष्णवांनी उचलला आणि दरबाराच्या जागी देव बसवले. दरबाराची रचना मात्र तशीच ठेवली.

आता या पानांचे वाचन. खेळण्याची वस्तू म्हणून पान वाचता आले पाहिजे, आणि हाताच्या पंजात धरून क्षणात वाचता आले पाहिजे. मत्स्याच्या रंगावर मासा, कूर्माच्या रंगावर कासव, परशुरामाचा परशू, कल्कीचे खड्ग किंवा घोडा. चिन्हे ठसठशीत आहेत. शिवाय प्रत्येक रंगाची जमीन वेगळ्या रंगाची असल्याने नुसती कड दिसली तरी खेळाडूला पान कळते. ही योजना फार हुशारीची आहे. त्रुटी आहे ती मोजणीत. गोल पानाला कोपरा नाही, त्यामुळे इंग्रजी पत्त्यांसारखा कोपऱ्यातला आकडा नाही. आठ मासे, नऊ मासे आणि दहा मासे एवढ्याशा वर्तुळात दाटीने बसवले की चाळीस पाने हातात घेतलेला माणूस दिव्याच्या उजेडात चुकणारच. लाखेच्या चकाकीने यात भरच पडते. ज्यांना हा संच काचेच्या कपाटात ठेवायचा आहे त्यांना ही अडचण कधी कळणार नाही.

पण वाचनाचा याहून खोल प्रश्न आहे तो पानांच्या उतरंडीचा. दहापैकी पाच रंगांत दश्शी वरची आणि एक्का खालचा. उरलेल्या पाचांत उलट, एक्का वरचा आणि दश्शी सर्वांत खाली. मला पहिल्यांदा हा नियम कळला तेव्हा तो क्रांतिकारक वाटावा असाच होता. जो एका राज्यात शेवटचा, तो दुसऱ्या राज्यात पहिला! परंतु नीट पाहिले म्हणजे दिसते, की ही उलथापालथ फक्त अंकांच्या पानांत होते, रयतेत होते. राजा आणि प्रधान दहाही रंगांत जागचे हलत नाहीत. खालच्यांनी आपसात वरखाली व्हावे, वरच्या दोघांना हात लावू नये. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके नेमके प्रात्यक्षिक मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेले नाही. इंग्रजी पत्त्यांत निदान एक्का राजाला मारतो. (तिथेही आपण तिसऱ्या चित्राला ‘गुलाम’ म्हणतो आणि मुलांना ‘गुलामचोर’ शिकवतो. शेवटी ज्याच्या हाती गुलाम उरेल तो चोर. हा खेळ आमच्या वरठीच्या गल्लीतही पोरे आनंदाने खेळतात.)

दशावताराची ही पाने आपल्या परंपरेने यापूर्वीच वाचलेली आहेत, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ सालचे. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव एकेक अवतार हातात घेऊन उलटा करतात. मत्स्य म्हणजे मासा नव्हे, लहान होड्यांतून आलेल्या टोळीचा नायक. कच्छ तसाच. वराह हे त्याच्या वागणुकीवरून रयतेने दिलेले नाव. नरसिंह म्हणजे सोंग घेऊन केलेला विश्वासघात. वामन म्हणजे बळीच्या राज्यावरची चाल. आणि परशुरामाशी जे निकराने लढले त्यांना ‘महाअरी’ म्हणजे मोठे शत्रू म्हटले गेले, त्यावरून महार. या व्युत्पत्तीवर भाषाशास्त्राने जे म्हणायचे ते म्हणावे. मला महत्त्वाची वाटते ती वाचनाची रीत. जोतीराव चित्र नाकारत नाहीत. ते चित्राला विचारतात, तुला कोणी काढले आणि तुझ्या पायाखाली कोण आहे?

मत्स्यापासून परशुरामापर्यंत सहा पाने फुल्यांनी वाचली. पुढची दोन, राम आणि कृष्ण, बाबासाहेबांनी वाचली. ते लेखन ‘रिडल्स इन हिंदुइझम’च्या परिशिष्टात आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली ते छापले तेव्हा त्यावरून केवढे रण माजले, आणि १९८८च्या सुरुवातीला मुंबईत आपल्या लोकांचा केवढा मोर्चा निघाला, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. नववे पान मात्र ग्रंथात नव्हे, लाखो लोकांच्या साक्षीने मैदानावर वाचले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा ही थेट या नवव्या रंगाबद्दलची आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार हे खोटे आहे, ते मी मानणार नाही.

तेव्हा दीक्षाभूमीपासून रेल्वेने तासाभरावर राहणाऱ्या माझ्यासारख्याने हा संच हाती घेतला, की बोटे आपोआप नवव्या रंगाशी थांबतात. त्या रंगाची घडण पाहू.

पहिली गोष्ट, बुद्ध इथे राजा आहे. संचाची रचनाच अशी की प्रत्येक अवताराला राजा व्हावेच लागते आणि त्याला एक प्रधान असावाच लागतो. रामाला, कृष्णाला त्याने काही बिघडत नाही, ते राजेच. पण ज्याच्या जीवनकथेचा गाभाच घर आणि राज्य सोडण्यात आहे, त्याला सिंहासनावर आणून बसवायचे आणि हाताखाली प्रधान द्यायचा, म्हणजे त्याचे महाभिनिष्क्रमण रद्द करायचे. शुद्धोदनाला जे जमले नाही ते चिताऱ्याच्या कुंचल्याने करून दाखवले. दोष त्या चिताऱ्याचा नाही, साच्याचा आहे.

दुसरी गोष्ट चिन्हाची. आपल्याकडच्या संचांत बुद्धाच्या रंगाला शंख असतो. बंगालमधील बिष्णुपूरच्या गोल पानांवर शंख वराहाकडे जातो आणि बुद्धाला कमळ मिळते. शंख काय, कमळ काय, दोन्ही विष्णूच्या हातातली. बुद्धाचे म्हणून जगभर ओळखले जाणारे चिन्ह म्हणजे चक्र, सारनाथचे धम्मचक्र. ते या खेळात आहे, पण बुद्धाकडे नाही. कुठे ते कृष्णाला दिलेले आहे, कुठे नरसिंहाला. धम्मचक्राचे सुदर्शन झाले आणि धम्मचक्र ज्याने फिरवले त्याच्या हाती फुंकायला शंख दिला. सांस्कृतिक वर्चस्व म्हणजे काय ते वर्गात समजावून सांगताना मला दोन तास लागतात. ही दोन पाने शेजारी ठेवली तर दोन मिनिटांत काम होईल.

वाचनीयतेबद्दल बोलतो आहे म्हणून एक अनुभव नोंदवतो. माझ्या आईला अक्षर येत नाही. विड्यांचे काम आटोपले की शेजारणींबरोबर ती पत्ते खेळते आणि सहसा हरत नाही. तिच्यापुढे मी एकेका रंगाचे पान ठेवत गेलो. मासा, कासव, वराह, नरसिंह तिने ओळखले. परशू पाहून “हा कुराडीवाला” म्हणाली. धनुष्य पाहून राम. नवव्या रंगाला म्हणाली, “शंख हाय. म्हंजे इस्नूचा पत्ता.” मी म्हटले, हा बुद्धाचा रंग आहे. तिने राजाचे पान हातात घेऊन फिरवले आणि म्हणाली, “आपल्या बुद्धाच्या डोस्क्यावर मुकुट कोठी रायते, बापू?”

तिने पान चुकीचे वाचले नाही. अगदी बरोबर वाचले. ज्याने हा रंग योजला त्याला ‘विष्णू’ असेच वाचले जायला हवे होते. त्या दृष्टीने नवव्या रंगाची रचना पूर्ण यशस्वी आहे आणि हेच तिच्याविरुद्धचे सर्वांत मोठे म्हणणे आहे.

यावर आमचे पांढरपेशे मित्र म्हणतील, की बुद्धाला अवतारांत स्थान दिले हे हिंदू परंपरेचे औदार्य आहे, समन्वय आहे. तुम्ही यातही भांडण शोधता. त्यांनी आपलीच पुराणे वाचावीत. भागवतात बुद्ध येतो तो देवांच्या शत्रूंना भुलवण्यासाठी. विष्णुपुराणातला मायामोह असुरांना वेदमार्गावरून ढळवतो, म्हणजे मग त्यांना मारणे सोपे जाते. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त बाराव्या शतकात बुद्धाच्या करुणेचा गौरव येतो हे खरे, पण तोवर पाहुण्याचे घर त्याच्या नावावर राहिलेले नव्हते. आणि नवव्याच्या पुढचे पान कोणते? कल्की. तो खड्ग घेऊन घोड्यावर येणार आणि बुडालेला वर्णधर्म पुन्हा उभा करणार. कल्किपुराणात तर तो कीकट देशात जाऊन बौद्धांशी लढाईच करतो. नववे पान आणि दहावे पान असे लागून आहेत. खेळाच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे, की हुकूम नसल्यामुळे कल्कीचे पान बुद्धाच्या पानाला मारू शकत नाही. पुराणापेक्षा खेळ सुसंस्कृत निघाला.

बिष्णुपूरच्या पानांविषयी हरप्रसाद शास्त्रींनी १८९५ साली एक टिपण लिहिले. पुढे चर्यापदे उजेडात आणणारे हेच ते पंडित. तिथल्या संचात बुद्ध नवव्या नव्हे, पाचव्या जागी आहे आणि त्याचे चिन्ह कमळ आहे, यावरून हा खेळ हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा, बौद्ध प्रभावाच्या काळातला असावा असे अनुमान त्यांनी केले. बाबरापूर्वीचा भक्कम पुरावा नसल्याने हे अनुमान टिकत नाही. मुंबईत कलासमीक्षा करणारे रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी गंजिफांचा जो दीर्घ अभ्यास केला आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी जो ग्रंथ लिहिला, त्यानंतर तर नाहीच. तरीही शास्त्रींच्या मनात जी शंका आली ती मोलाची आहे. बिष्णुपूरला आणि ओडिशात बुद्धाच्या जागी जगन्नाथाचे चित्र काढतात. आपल्याकडे जुन्या पंचांगांवर आणि दशावताराच्या तसबिरींत नवव्या जागी विठ्ठल उभा असतो. म्हणजे चित्रकाराला ही जागा कधी नीट भरता आलेली नाही. तिथे प्रत्येक प्रांताने आपापला देव आणून उभा केला. बुद्ध नावात आहे, चित्रात नाही.

इथे एक पेच आहे. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडच्या बुद्धविहारात मूर्तीची प्रतिष्ठापना करताना बाबासाहेबांनीच सांगितले होते, की पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच, आणि आपण ते सिद्ध करणारा ग्रंथ लिहिणार आहोत. मग पंचांगकर्त्याने नवव्या जागी विठ्ठल काढला तर तो वेगळे काय सांगतो? दोघांच्या वाचनाची दिशा वेगळी आहे. बाबासाहेब विठ्ठलाचे चित्र खरवडून खाली बुद्ध आहे म्हणतात. पंचांगकर्ता बुद्धाचे नाव खरवडून खाली विष्णू आहे म्हणतो. एक बुडवलेल्याला वर काढतो, दुसरा उरल्यासुरल्याला बुडवतो. चित्र तेच राहिले तरी ते कोण, कुठून आणि कशासाठी वाचतो यावर त्याचा अर्थ ठरतो.

या संदर्भात टॅरोबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण नागपूरसारख्या शहरात आपली शिकलेली मुलेही नोकरीचा आणि लग्नाचा कौल या पानांना विचारू लागली आहेत. टॅरो हाही मूळचा खेळच. पंधराव्या शतकातील उत्तर इटलीतला, अठ्ठ्याहत्तर पानांचा. सम्राट, पोप, मृत्यू, उलटा टांगलेला माणूस अशी त्यातली चित्रे. भविष्य त्याला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटले. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने अंकांच्या पानांवरही माणसांचे प्रसंग काढले आणि त्यामुळे तो कुणालाही ‘वाचता’ येऊ लागला. गंजिफेत हे घडले नाही. तिच्यातले पाच मासे पाच मासेच राहिले आणि म्हणूनच बहुधा ती भविष्यवाल्यांच्या तावडीतून सुटली. रॉबर्ट प्लेस या अमेरिकन चित्रकाराने २००४ साली बुद्धचरित्रावर बेतलेला टॅरो प्रसिद्ध केला. तिथे बुद्ध विष्णूचा अवतार नाही, एवढे मला बरे वाटते. बाकी बरे वाटावे असे काही नाही. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालात, अंगलक्षणे, स्वप्ने, शकुन, ग्रहणे यांवरून भविष्य सांगून पोट भरण्याला बुद्धाने हीन विद्या म्हटले आहे आणि श्रमण गौतम तिच्यापासून दूर असतो असे सांगितले आहे. त्याच सुत्तात आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटापासून सुरू होणारी खेळांची यादीही आहे. भिक्खूने तेही टाळावेत. गृहस्थाने फावल्या वेळी पाने खेळावीत, मला त्यात गैर दिसत नाही. पण त्याच बुद्धाच्या चित्राला आपले नशीब विचारणे हा विनोद आहे.

सावंतवाडीची ही कला शेवटचे आचके देत असताना १९७०च्या दशकात तिथल्या भोसले घराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती सावरली. त्याचे श्रेय त्यांना द्यावे. ती ज्या हातांत उरली होती ते हात चिताऱ्यांचे होते, हेही त्याच दमात सांगावे. आता आपले काही तरुण म्हणतात, आपणही आपली गंजिफा काढू. फुले, शाहू, आंबेडकर, कबीर असे रंग करू. मला हा बेत पटत नाही. साचा तोच ठेवला तर बाबासाहेबांना राजा करावे लागेल, त्यांच्या हाताखाली कुणाला तरी प्रधान करावे लागेल आणि मग खाली दहा पायऱ्या आल्याच. उतरंडीत आपली चित्रे बसवली म्हणून उतरंड आपली होत नाही.

करायचेच असेल तर नवव्या रंगात काही करता येईल, आणि त्यासाठी नमुना दूर शोधायला नको. आमच्याच भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झाले आणि एका टेकडीखालून बौद्ध स्तूप निघाला. त्या टेकडीला लोक काय म्हणत होते? जगन्नाथ टेकडी. ओडिशातल्या पानावर जे घडले, तेच आमच्याकडे मातीत घडले होते. त्या स्तूपाच्या कठड्यावरच्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे आणि त्याचे नावही कोरलेले आहे. सांची, भारहूत, पवनी या काळच्या शिल्पकारांनी बुद्धाला माणसाच्या रूपात काढलेच नाही. बोधिवृक्ष काढला, चक्र काढले, पावले काढली, रिकामे आसन काढले. समोर हात जोडलेली माणसे काढली. तिथे येणाऱ्या गाडीवानाला, कुणब्याला, कारागिराला अक्षर येत नसेल, पण रिकाम्या आसनावर कोण आहे हे त्याला विचारावे लागत नव्हते. वाचनीय चित्राचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

नवव्या रंगाच्या राजाच्या पानावर चिताऱ्याने आसन काढावे आणि ते रिकामे ठेवावे. प्रधानाच्या पानावर घोडा काढावा, स्वार नको. कंथक तसाच परत आला होता. डावाला यामुळे कसलीही अडचण येत नाही, कारण रंग जमिनीवरून आणि चिन्हावरून ओळखायचा असतो. आणि चिन्ह म्हणून शंखाच्या जागी पिंपळाचे पान घ्यावे. एका वर्तुळात दहा शंख बसवण्यापेक्षा दहा पाने बसवणे हाताला सोपे जाईल. टोकाच्या शेपट्या बाहेरच्या बाजूला केल्या तर आठ, नऊ आणि दहा यांतला फरकही नजरेला लवकर कळेल.